एफ एक पूर्णांक आठ

बत्तीस वर्षं मेडिकलच्या नऊ नंबरच्या खोलीत
मी माणसांचे आतले फोटो काढले.
बाहेरचा एकही नाही.
म्हणून ग्रॅच्युइटीतून हा घेतला,
सीताबर्डीत, दोन जिने चढून,
एका लग्नवाल्यानं वापरून विकलेला.
दुकानातला पोरगा म्हणाला, यात आरसा नसते काका,
तुम्ही पाहता ते थेट सेन्सरवरचं.
बरं.
मला कळलं ते इतकंच, की एक गोष्ट कमी आहे
आणि पैसे तिचेच जास्त आहेत.

पहिल्या दिवशी आत नुसता अंधार.
मी परत दोन जिने चढलो.
पोरानं समोरचं टोपण काढून हातात दिलं,
काही बोलला नाही.

मग आकडे. तेही उलटे.
भोक जितकं मोठं, आकडा तितका लहान:
एक पूर्णांक आठ म्हणजे सताड उघडं दार,
सोळा म्हणजे किलकिलं.
कौसल्या म्हणाली, पेन्शन ऑफिसवाल्यायनं बनवला का जी हा?

इतवारीत गेलो मे महिन्यात, सकाळी साडेअकराला,
कोणी शहाणा जात नाही तेव्हा.
पडद्यावर तिरप्या काळ्या रेघा सरकू लागल्या,
रस्त्यावर, पत्र्यांवर, कांदेवाल्याच्या टोपीवर.
पुस्तिकेत म्हटलंय, हा झेब्रा.
म्हणजे प्रकाश इतका झाला
की त्या जागी आता काही उरलेलं नाही.
माझ्या फिल्मवर जास्त झालं की काळं पडायचं.
इथं पांढरं.
बत्तीस वर्षांचं शहाणपण बोटात उलटं बसलेलं,
चाक फिरवायला जातो ते नेमकं चुकीच्या बाजूला.

व्हरायटी चौकात सिग्नलला स्कूटीवरच्या पोरी,
दुपट्ट्यात डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेल्या,
दिसतात ते फक्त डोळे.
आणि याला नेमके डोळेच सापडतात,
पटापट हिरव्या चौकटी, एकीला, दुसरीला, तिसरीला.
मी कॅमेरा पिशवीत घातला.
माझ्या वयाला ते बरं दिसलं नसतं.

घरी आलो. कूलर सुरू, पंपाचं पाणी तोतरं.
दाराच्या उजेडात कौसल्या
लाखोळीची डाळ निवडत बसलेली.
एक पूर्णांक आठवर नेऊन पाहिलं,
तर मागचा फ्रिज, सिलिंडर,
दिगंबरच्या लग्नात आलेलं घड्याळ,
सगळं पाण्यात बुडाल्यासारखं, नुसते रंग.
त्यातून ती एकटी वर आलेली.

तिचीही छाती काढली होती मी एकदा, त्याच खोलीत.
उजवीकडे वर ढग होता.
सहा महिने गोळ्या खाल्ल्या, गेला.
ती फिल्म मुलांनी ग्रहण बघायला कापून नेली.
तिची एकेक बरगडी मला ठाऊक आहे.
डाव्या भुवईतला पांढरा केस
आज पहिल्यांदा पाहिला.

हिरवी चौकट तिच्या डोळ्यावर यायची,
ती सुपात बघायची, चौकट जायची.
वर बघ, म्हटलं.
आणि मग तोंडातून, कधीचं साचलेलं,
आपोआप आलं:
श्वास धरा.

तिनं धरला.
मी आयएसओ शोधत होतो. शटर कमी करत होतो.
आवाज बंद ठेवायचं बटण
कुठं तरी माझ्याच हातून दाबलं गेलेलं,
त्यामुळे निघाला की नाही तेही कळेना.
खोलीत फक्त कूलर.
तिचे गाल फुगलेले, पाठ ताठ, हनुवटी वर,
जशी त्या थंड प्लेटला लावायला सांगायचो तशी.

सोडू का जी आता?

फोटोत डाळीतला खडा न् खडा लख्ख आला आहे.
ती हललेली.